मधमाशीचा डंख आणि चुन्याची डबी : पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो, कांदा बियाण्याचे प्लॉट फुलोऱ्यात आले, डाळिंबाचा बहार धरला की परागीभवनासाठी पेट्या शेतात येतात आणि त्यांच्या मागोमाग डंखाचे प्रश्न येतात. त्यांतले चार इथे घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे. पुढची तिन्ही त्याच्याच आधारावर आहेत.

प्रश्न (जुन्नर) : कांदा बियाण्याच्या प्लॉटमध्ये भाड्याने मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या पेट्या ठेवल्या आहेत. मजुरांना डंख होतात. माशीचे विष म्हणजे ॲसिड, म्हणून आम्ही चुना लावतो. ते बरोबर आहे का?

चुना लावू नका. हे विष किंचित आम्लधर्मी असते एवढेच खरे, पण आग होते ती त्या आम्लामुळे नाही. फॉर्मिक ॲसिड मुंग्यांचे; मधमाशीच्या संदर्भात ते आठवायचे तर पेटीतल्या वरोआ माइट या माशीवरच्या परजीवी किडीवरचे औषध म्हणून. विषाचे खरे काम प्रथिने आणि पेप्टाइडे (प्रथिनांसारख्याच, पण लहान साखळ्या) करतात आणि ती त्वचेच्या आत सोडलेली असतात. वरून चोळलेला चुना तिथवर पोहोचत नाही. ओला चुना कातडी मात्र भाजतो.

आत काय होते ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचा सल्ला पटेल. कोरड्या विषाचा जवळजवळ निम्मा भाग मेलिटिन नावाचे पेप्टाइड असते. ते २६ अमिनो आम्लांचे, म्हणजे अगदी लहान असते. ते पेशीच्या आवरणात घुसून छिद्रे पाडते. पहिली झणझणीत वेदना त्याची. त्याच्या जोडीला १० ते १२ टक्के असते फॉस्फोलायपेज ए-२. हे विकर, म्हणजे एन्झाइम. पेशीचे आवरण ज्या फॉस्फोलिपिडांचे बनलेले असते, त्यांची एक ठरावीक फांदी ते तोडते आणि या कामासाठी त्याला कॅल्शियम लागते. मेलिटिनने भिंतीला भगदाड पाडायचे आणि याने विटा उपसायच्या, अशी ही जोडी आहे; दोन्ही एकत्र असताना नुकसान एकेकट्याच्या बेरजेपेक्षा जास्त होते. तुटलेल्या तुकड्यांत ॲराकिडोनिक आम्ल असते. त्यापासून आपलेच शरीर प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन बनवते, म्हणजे सूज, लाली आणि ठणका. विष माशीचे असले तरी सुजेचा बराचसा कारखाना आपलाच असतो.

तिसरा घटक हायलुरोनिडेज, हेही विकरच. प्रमाण जेमतेम दीड-दोन टक्के, पण पेशींना धरून ठेवणारे हायलुरोनिक आम्ल ते विरघळवते आणि बाकीच्या विषाला वाट करून देते. डंख बोटाला आणि सूज मनगटापर्यंत, याला मोठा हातभार त्याचा. विकर काम करताना स्वतः खर्ची पडत नाही. एकच रेणू पुन्हा पुन्हा तोडत राहतो. म्हणूनच ०.१ मिलिग्रॅमच्या आसपासचे विष एवढा उपद्व्याप करू शकते.

आता मुद्द्याचे. कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती कातडीत अडकते आणि विषपिशवीसकट तुटून मागे राहते. त्या पिशवीचे स्नायू माशी उडून गेल्यावरही विष आत ढकलत राहतात. बहुतेक सगळे विष पहिल्या २० सेकंदांत आत गेलेले असते. नांगी चिमटीत धरू नये, पिशवी दाबली जाते, असे आपल्याकडे सांगतात. १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसले की नखाने खरवडा किंवा चिमटीने ओढा, फरक पडत नाही, उशिराने पडतो. चुन्याची डबी खिशातून काढेपर्यंत विष आत गेलेले असते.

नांगी काढल्यावर तिथून लगेच बाजूला व्हा. तुटलेल्या नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो इतर माश्यांना बोलावतो. मग साबण-पाण्याने धुवा आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. थंडीने विष नष्ट होत नाही, पण पसरणे आणि सूज मंदावते. अंगठी, कडे, बांगड्या सुजण्याआधी उतरवा.

प्रश्न (पुरंदर) : धाकट्या भावाला आधी दोनदा डंख झाले, फक्त सूज आली. या वेळी दहा मिनिटांत अंगभर गांध्या उठल्या, घसा आवळला, चक्कर आली. एकाच माशीने असे कसे?

हे विषाच्या मात्रेचे प्रकरण नाही, ॲलर्जीचे आहे. आधीच्या डंखांनंतर त्याच्या शरीराने बहुधा वर सांगितलेल्या विकरांविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी प्रतिद्रव्ये तयार करून ठेवली. मधमाशीच्या ॲलर्जीतला पहिल्या क्रमांकाचा घटक फॉस्फोलायपेज ए-२ हाच आहे, दुसऱ्या क्रमांकावर हायलुरोनिडेज. पुढच्या डंखाला ही प्रतिद्रव्ये सर्वांगातल्या, हिस्टामिन साठवून ठेवणाऱ्या मास्ट पेशींना चेतवतात, हिस्टामिन एकदम सुटते, रक्तदाब कोसळतो.

डंखाभोवती हातभर सूज येऊन दोन-तीन दिवस राहिली, तरी त्यात सहसा जिवाला धोका नसतो. डंखापासून दूर गांध्या उठणे, ओठ-जीभ सुजणे, धाप, उलटी, भोवळ यांतले काही दिसले की १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवे ठेवा, पाय उंच करा. धाप लागत असेल तरच टेकून बसवा. यावर खरे औषध एकच, मांडीत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीच्या गोळीवर वेळ घालवू नका.

असा त्रास एकदा झालेल्या प्रौढाला पुढच्या डंखाला तो पुन्हा होण्याची शक्यता ३० ते ६० टक्के धरतात. भावाला ॲलर्जीतज्ज्ञाकडे न्या. रक्ततपासणी होते आणि विषाच्याच वाढत्या मात्रा टोचून तीन ते पाच वर्षांत सहनशक्ती आणता येते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिने ॲड्रेनलिनचा असर कमी होतो. माशी कोणती होती हेही सांगा. गांधीलमाशी नांगी सोडून जात नाही आणि तिच्या विषातले फॉस्फोलायपेज वेगळे, ए-१ जातीचे असते. तपासणी चुकीच्या विषाची झाली तर उपयोग नाही. तोवर त्याला पेट्यांजवळ कामाला लावू नका.

प्रश्न (मुळशी) : बांधावरचे आग्या मोहोळ उठले आणि दावणीच्या बैलाला शेकडो डंख झाले. सापाची लस द्यावी का?

नाही. ती लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर बनते; मधमाशीच्या विषाला ती ओळखत नाही. आपल्याकडे या विषावर वेगळा उताराही नाही. इथे ॲलर्जी नसली तरी मात्राच मारक ठरते : मेलिटिन आणि फॉस्फोलायपेज मिळून तांबड्या रक्तपेशी आणि स्नायू फोडतात, त्यांतला रंगद्रव्याचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. लघवी तांबूस किंवा चहाच्या रंगाची झाली की हाच प्रकार समजा. १९६२ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकीय पथकाला बोलवा, वेळेत सलाइन लागले तर मूत्रपिंड वाचते. माणसालाही ५० पेक्षा जास्त डंख झाले तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात दाखल करा. मूत्रपिंडाचा त्रास दोन-तीन दिवसांनीही उघड होतो. मोहोळ उठले तर आधी दावे कापा. बांधलेले जनावर पळू शकत नाही. आणि आग्या मोहोळाखाली गंमत म्हणून धूर करणाऱ्यांना आवरा.

प्रश्न (इंदापूर) : विष गोळा करण्याचे यंत्र घ्यावे का? आणि गुडघेदुखीवर मुद्दाम डंख घेतात, ते खरे का?

यंत्रात काचेवर बारीक तारा असतात. हलका विजेचा झटका बसला की माशी काचेवर विष सोडते. नांगी अडकत नाही, म्हणून ती मरत नाही. हिशेब मात्र करून पाहा. एका माशीचे ०.१ मिलिग्रॅम धरले तर एका ग्रॅमला १०,००० माश्या. काढणीनंतर पेटी चिडलेली राहते आणि सातेरी (आपली देशी मधमाशी) असेल तर घर सोडून जाण्याची भीती. हमखास खरेदीदार लेखी मिळेपर्यंत पैसे घालू नका. तोच पैसा पेट्या वाढवायला आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण घ्यायला वापरा, असे माझे मत. यंत्र घेतलेच तर काचेवरची पूड खरवडताना मास्क आणि चष्मा हवा. विष वाळले तरी निकामी होत नाही.

गुडघ्याचे म्हणाल तर मेलिटिनवर प्रयोगशाळांत काम चालू आहे, पण प्रयोगशाळेतली मोजलेली मात्रा वेगळी आणि गुडघ्यावर धरलेली जिवंत माशी वेगळी. २०१८ साली स्पेनमधले एक प्रकरण प्रसिद्ध झाले : दोन वर्षे असे डंख नियमित घेणाऱ्या महिलेला एका डंखाने तीव्र ॲलर्जी झाली आणि ती दगावली. आधी सोसले म्हणून पुढेही सोसेल, असे हे विष नाही. गुडघ्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.