आईच्या मेडिकेअर प्लॅनमधल्या ओटीसी कार्डावर नेमकं काय घेता येतं?

तुम्ही विचारलंय की आई तुमच्याकडे न्यू जर्सीत राहतात, मेडिकेअर (म्हणजे अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनमधून त्यांना दर तिमाहीला ७५ डॉलरचं ओटीसी कार्ड, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं आणि आरोग्याच्या वस्तू घ्यायचं कार्ड, मिळालंय, तर त्यावर काय काय घेता येतं, आयुर्वेदिक चालतं का आणि पैसे उरले तर पुढे जातात का. शिवाय एक एजंट १५० डॉलरचं कार्ड असलेला प्लॅन घ्या म्हणून मागे लागलाय, तो घ्यावा का. माझे सासू-सासरे आमच्याकडे एडिसनला असतात आणि दोघांच्याही प्लॅनची कागदपत्रं मीच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उरलेल्या पैशांचं, कारण तिथे आमचं नुकसान झालंय. बहुतेक प्लॅनमध्ये तिमाही संपली की शिल्लक बुडते. १ एप्रिलला नवे पैसे येतात, मार्चअखेरचे जातात. काही प्लॅन दर महिन्याचा हिशेब ठेवतात, काही मोजके वर्षभर साठवू देतात. तुमचा कुठला ते ‘एव्हिडन्स ऑफ कव्हरेज’ नावाच्या जाडजूड पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आमच्याकडे आईंचं (सासूबाईंना मी आईच म्हणते) कार्ड साध्या पांढऱ्या पाकिटातून आलं होतं. जाहिरात असेल म्हणून ते स्वयंपाकघरातल्या खणात, कूपनांच्या गठ्ठ्यात पडून राहिलं. ऑक्टोबरात सापडलं तोवर तीन तिमाह्या गेल्या होत्या. फोनवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की मागचं काही मिळणार नाही. आई एवढंच म्हणाल्या, “अगं, तेवढ्यात माझं बीपीचं मशीन आलं असतं.” मला ते फार लागलं. त्या वर्षी त्या हातातल्या जुन्या मशीनवर विश्वास नाही म्हणून बीपी मोजतच नव्हत्या.

हे पैसे कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. १९६५ च्या कायद्याने आलेली मूळ मेडिकेअर डोकेदुखीच्या गोळीला किंवा खोकल्याच्या औषधाला पैसे देत नाही. अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन खाजगी विमा कंपन्या चालवतात. सरकार त्यांना प्रत्येक सभासदामागे ठरावीक रक्कम देतं, आणि कंपनीने सरकारी मर्यादेपेक्षा कमी खर्चाची बोली लावली तर फरकातला काही भाग तिला परत मिळतो, जो सभासदांच्या जादा सोयींवरच घालावा लागतो. ओटीसी कार्ड त्यातूनच निघतं. त्यात तुमच्या आई पार्ट बीचा, म्हणजे मेडिकेअरमधल्या डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, हप्ताही भरतातच, २०२५ साली तो महिन्याला १८५ डॉलर होता. तेव्हा कार्ड वापरताना संकोच नको. आमच्या आईंना तो वाटायचा, “फुकटचं कशाला” म्हणायच्या.

आता काय घेता येतं ते. ताप-अंगदुखीच्या गोळ्या, सर्दी-खोकल्याची औषधं, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, अ‍ॅलर्जीची औषधं, पोट साफ होण्याची औषधं, बँडेज, मलम, थर्मामीटर, बीपीचं मशीन, टूथपेस्ट, ब्रश, कवळी धुण्याच्या गोळ्या, मोठ्यांचे डायपर आणि पॅड. हे बहुतेक याद्यांत सापडतं. सौंदर्यप्रसाधनं, शाम्पू, डिओडरंट, साधं खाणंपिणं यात बसत नाही. दुकानात कार्ड लावलं की मशीन बारकोडवरून ठरवतं. आमच्या पहिल्या खेपेला टूथपेस्ट, बँडेज आणि कवळीच्या गोळ्या कार्डावर गेल्या आणि हाताला लावायचं सुगंधी लोशन उरलं, त्याचे पैसे मी वेगळे भरले. आई बाजूला कानकोंड्या होऊन उभ्या, आपलं काही चुकलं की काय म्हणून. चुकलं काहीच नव्हतं. वस्तू चालते की नाही हे आधी बघायचं असेल तर बहुतेक प्लॅनच्या अ‍ॅपमध्ये बारकोड स्कॅन करता येतो. कार्ड प्रत्येक दुकानात चालत नाही, दुकानांची यादी प्लॅन देतो. कॅटलॉगमधून फोनवर मागवलं तर सामान घरी येतं, आणि थंडीच्या दिवसांत ते बरं पडतं. नामांकित कंपनीऐवजी दुकानाच्या स्वतःच्या नावाचा डबा घेतला तर औषध तेच, फक्त त्याच पैशांत जास्त येतं. डब्यामागच्या ‘अ‍ॅक्टिव्ह इन्ग्रेडियंट’ या ओळीवर नजर टाका, तिथलं नाव आणि मात्रा जुळली की झालं.

किराणा मिळतो असं कुणी सांगितलं तर तो वेगळा लाभ आहे. २०२० पासून काही प्लॅन तो देतात, पण दीर्घ आजार असलेल्या आणि त्या अटीत बसणाऱ्या सभासदांनाच.

आयुर्वेदिकचं उत्तर बहुतांशी नाही असंच आहे. जडीबुटीची आणि होमिओपॅथीची औषधं मेडिकेअरच्या मार्गदर्शक नियमांत या लाभाबाहेर ठेवलेली आहेत. त्रिफळा, च्यवनप्राश, अश्वगंधा हे आपल्या दुकानातून आपल्या पैशांनी आणायचं. पण एक गोष्ट मिळते, आणि ती आमच्याकडे आईंनीच शोधली. कॅटलॉगमधून मी मेटाम्युसिलचा केशरी डबा मागवला होता. आई भिंगाने मागचं लेबल वाचत बसल्या होत्या. “सिलियम हस्क,” त्यांनी अडखळत वाचलं, चिमूटभर पूड तळहातावर घेऊन बोटांनी चोळली आणि म्हणाल्या, “अगं, हे तर आपलं इसबगोल!” खरंच तेच. जगभरच्या इसबगोलाचा मोठा भाग गुजरात-राजस्थानच्या शेतांतून येतो, उंझ्याची बाजारपेठ त्यासाठीच प्रसिद्ध आहे. सांगलीच्या घरी रात्री कोमट पाण्यातून त्या जे घेत, तेच इथे संत्र्याच्या चवीत मिळतं. तुमच्या आईंना मधुमेह असेल तर साखर नसलेला डबा घ्या, दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. आणि पाणी भरपूर, नाहीतर ते घशात फुगतं. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतरही ठेवा.

सांधेदुखीचंही तसंच. आपल्याकडे व्होलिनी लावतात, त्यातलं मुख्य औषध डायक्लोफेनॅक. इथे त्याच औषधाचं जेल, व्होल्टारेन, २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. त्याच्यासोबत मोजायची पट्टी येते. गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, हाताच्या सांध्याला २. अंदाजाने पिळू नका.

इथे मी थांबून एक गोष्ट सांगते, कारण याची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते. तीन तिमाह्या बुडाल्यानंतर आम्ही उलट्या टोकाला गेलो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सासऱ्यांच्या कार्डात अठ्ठावीस डॉलर शिल्लक, म्हणून मी घाईने नॅप्रॉक्सेनच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या मागवल्या. बाबांचा गुडघा दुखत होताच. घरात आहेत म्हणून ते रोज घेऊ लागले. तीन आठवड्यांनी बीपी वाढलेलं आणि रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा, वर. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “दुखण्याचं काही घेता का?” गोळ्या बंद झाल्या, काही आठवड्यांत आकडे खाली आले. नॅप्रॉक्सेन आणि आयब्युप्रोफेन मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या वयस्कर माणसाला तर विचारल्याशिवाय देऊच नयेत. जेलमधलं औषध रक्तात फार कमी जातं, तरी तेसुद्धा आम्ही आता विचारूनच वापरतो.

अशाच आणखी काही जागा आहेत. इथलं टायलेनॉल म्हणजे आपली क्रोसिन, नाव अ‍ॅसिटामिनोफेन लिहितात. सर्दीच्या रात्रीच्या औषधांतही तेच असतं, त्यामुळे दोन्ही घेतलं तर नकळत दुप्पट जातं. दिवसाला ४००० मिलीग्रॅम ही कमाल मर्यादा, वयस्करांना डॉक्टर सहसा त्याहून कमी सांगतात. ‘पीएम’ लिहिलेल्या झोपेच्या गोळ्यांत बहुधा डायफेनहायड्रामिन असतं, त्याने वृद्धांना भोवळ येते, गोंधळल्यासारखं होतं, रात्री बाथरूमला जाताना पडायला होतं. ते घरात आणूच नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब. आणि कॅल्शियम म्हणजे फक्त व्हिटॅमिनच्या डब्यातलं नव्हे, चघळायच्या अ‍ॅसिडिटीच्या टम्सही कॅल्शियमच. व्हिटॅमिनं घेण्याआधी डॉक्टरांशी बोला, असं प्लॅनच्या नियमांतही सुचवलेलं असतं आणि ते योग्यच आहे.

बीपीच्या मशीनवर पहिल्या तिमाहीचे पैसे घाला असं मी कुणालाही सांगेन. मनगटाचं नको, दंडाचं घ्या. डब्यावर पट्ट्याचं माप सेंटिमीटरमध्ये छापलेलं असतं. आईंच्या शिवणाच्या टेपने मी त्यांचा दंड मोजला, ३४ भरला. मी निवडलेल्या मशीनचा पट्टा ३२ पर्यंतच होता. लहान पट्टा बीपी खोटंच जास्त दाखवतो, आणि त्यावरून औषध वाढलं असतं. मोठा पट्टा असलेलं मागवलं, पुढच्या भेटीला पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांच्या मशीनशी ताडून पाहिलं. आता आई रोज सकाळी चहाआधी पाच मिनिटं शांत बसून मोजतात आणि कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने लिहितात.

कार्ड फक्त सभासदासाठी आहे. आपल्याकडे भारतात जाताना बॅगेत व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि बाम भरायची सवय असते, तसं नातेवाइकांसाठी या कार्डावर घेऊ नका. तो तुमच्या आईंच्या नावाचा लाभ आहे आणि गैरवापर सापडला तर त्रास त्यांना होईल.

एजंटच्या १५० डॉलरबद्दल. निव्वळ त्यासाठी प्लॅन बदलू नका. ७५ डॉलरचा फरक म्हणजे वर्षाला ३०० डॉलर, आणि तुमच्या आईंचे हृदयाचे डॉक्टर नव्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टरांत, नसले तर एकाच भेटीत ते गेले समजा. आधी डॉक्टर आणि हॉस्पिटल, मग रोजची औषधं यादीत आहेत का, मग वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाईल तो आकडा, आणि सगळ्यात शेवटी कार्ड. सप्टेंबरअखेर येणारी बदलांची नोटीस वाचा, कारण कार्डाची रक्कम दरवर्षी बदलू शकते. बदलायचंच असेल तर मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, आणि आधीच अ‍ॅडव्हान्टेजमध्ये असलेल्यांना १ जानेवारी ते ३१ मार्च एकदा संधी असते. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची मोफत सल्ला योजना आहे, तिथली माणसं काही विकत नाहीत, एजंटला उत्तर देण्याआधी त्यांना फोन करा. आणि एजंटने आपण होऊन फोन करून मेडिकेअर नंबर मागितला असेल तर तो देऊ नका.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत पण आपल्या घरांत हे हमखास येतं. तुमच्या आई हिवाळ्यात भारतात जात असतील तर तारखा मोजून ठेवा. प्लॅनच्या भागाबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं तर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनमधून नाव कमी होतं. आमचे आई-बाबा नोव्हेंबरात सांगलीला जातात आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात परततात. निघण्याआधी आम्ही चौथ्या तिमाहीचं सामान मागवतो, म्हणजे बँडेज, पॅड, टूथपेस्ट, जे वर्षभर टिकतं आणि ज्याने कुणाला अपाय होत नाही. जानेवारीचे पैसे ते परत आल्यावर मार्चच्या तीन आठवड्यांत वापरतो. यंदा आईंनी आताच सांगून ठेवलंय, इसबगोलाचे दोन डबे आणि बाबांसाठी जेल.