कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन केल्यावर चेहऱ्यांवर विचित्र डाग का येतात?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या जुन्या ३५ मिमी निगेटिव्ह स्कॅन करताना ‘डिजिटल आइस’ (स्कॅनरची आपोआप धूळ पुसायची सोय) चालू होतं. तोच घोळ आहे. ते इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ शोधतं. रंगीत फिल्मच्या रंगांतून हा प्रकाश आरपार जातो, पण कृष्णधवल फिल्ममधली चांदी त्याला अडवते. मग स्कॅनर केस, भुवया, सगळ्यालाच धूळ समजून पुसायला बघतो. (इलफर्ड एक्सपी२ या कृष्णधवल फिल्मला मात्र हे चालतं, ती रंगीत फिल्मच्या रसायनात धुतात.)

तेव्हा ते बंद करा. निगेटिव्हवर ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) फुंकर मारा, तोंडाने नको, थुंकी उडते. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये १६ बिट ग्रेस्केल (फक्त करड्या छटा), २४०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) ठेवा: साधारण ३४००×२२६८ पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयला ११×७.५ इंचांची प्रिंट. स्कॅन जरा कमी कॉन्ट्रास्टचाच (काळ्या-पांढऱ्यात कमी फरकाचा) घ्या, कॉन्ट्रास्ट नंतर वाढवता येतो. पण पार पांढरा पडलेल्या भागातला तपशील परत येत नाही. उरलेले ठिपके फोटो एडिटरमधल्या क्लोन टूलने (शेजारचा भाग ठिपक्यावर उमटवणाऱ्या) हाताने काढा. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

प्रिंटसाठी दोन-तीन करड्या शाईंचा प्रिंटर बघा. साध्या रंगीत प्रिंटरवर करड्या छटेत हिरवट नाहीतर जांभळट झाक येते. आधी पोस्टकार्डाएवढी एक काढून दिवसाच्या उजेडात बघा.