अलाइनमेंटनंतर गाडी सरळ जाते, पण स्टीअरिंग डावीकडे वाकडं राहतं. काय करावं?

गाडी हात सोडल्यावर कुठेही ओढत नसेल तर चाकांचा एकूण टो (वरून पाहता पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बहुतेक बरोबर आहे. फक्त तो सेट करताना स्टीअरिंग मध्यावर लॉक केलेलं नव्हतं, किंवा एकाच बाजूचा टाय रॉड (स्टीअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) फिरवला. आपल्या गोव्यात हे होण्याचं एक कारण गंज. पावसाळा आणि खारी हवा यांनी टाय रॉडचा लॉक नट जाम होतो, मग मेकॅनिक जो सुटतो तोच फिरवतो. नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडं थांबायला सांगा. स्टीअरिंग सरळ धरून लॉक करायचं आणि दोन्ही टाय रॉड सारख्याच मापाने, एक आखूड, दुसरा लांब करायचा. म्हणजे टो तसाच राहतो आणि स्टीअरिंग सरळ होतं.

स्टीअरिंग काढून एक दाता सरकवून बसवू देऊ नका! आत एअरबॅग असते, शिवाय मूळ दोष तसाच राहतो.

पण हे सगळं करण्याआधी गाडी खरंच सरळ जाते का, याची खात्री करा. गावातले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यावर अंदाज चुकतो. पेडण्याकडच्या चौपदरी महामार्ग ६६ वर सकाळी गर्दी नसताना पाहा.

गाडी ओढतच असेल तर हवा तपासा, मग पुढचे टायर डावे-उजवे बदला. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. खड्ड्यात जोरात आदळली असेल तर चाक खालून धरणारा लोअर आर्म वाकलाय का तेही बघून घ्या.