आयटीआय इलेक्ट्रिशियन झाल्यावर कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) लागावं, की भिवंडीच्या मोठ्या गोदामात मेंटेनन्स अप्रेंटिस म्हणून जावं? तिथं नेमकं काय काम असतं?

भावा, तू लिहिलंयस की घरचे म्हणतात, ‘खोकी उचलायला एवढ्या लांब कशाला जातोस?’ ते वाचलं आणि लिहायला बसलो. खोकी उचलायला वेगळी माणसं असतात. तुला बोलावलंय ते खोकी वाहणारा पट्टा थांबू नये म्हणून. हे काम फौंड्रीतल्या मेंटेनन्सपेक्षा हलकं आहे असं ज्याला वाटतं, त्यानं ते केलेलं नाही.

बेल्ट आणि रोलर कन्व्हेयर (माल वाहणारे पट्टे), सॉर्टर (खोकी वेगवेगळ्या रांगांत वळवणारं यंत्र), गिअर मोटर, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र), 24 व्होल्टचे सेन्सर, डॉक लेव्हलर (ट्रक आणि गोदामाची उंची जुळवणारी हलती लोखंडी फळी), शटर, कॉम्प्रेसर, कुठं कुठं फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यासुद्धा, एवढं सगळं हाताखाली येतं. सुरुवातीला ग्रीस, साफसफाई, चेनचा ताण आणि चेकलिस्ट हेच देतील. ते मन लावून कर. बेअरिंगचा बदललेला आवाज आणि गिअरबॉक्सची नेहमीपेक्षा जास्त गरमी तिथंच ओळखू यायला लागते.

खरी परीक्षा पट्टा एका बाजूला सरकायला लागला की होते. सँड प्लांटवर (फौंड्रीत साच्याची रेती तयार होते तिथं) काम केलेल्या आपल्याकडच्या जुन्या लोकांचा यावर एकच उपाय असतो: टेकअपचा, म्हणजे पट्टा ताणायचा बोल्ट पिळ. या विषयावर एका फोरमनशी मी बरंच भांडलोय, आणि माझं मत आजही तेच आहे. बोल्ट पिळणं हा उपाय नाही, ते दुखणं झाकणं आहे. गरजेपेक्षा जास्त ताणलेला पट्टा बेअरिंग खातो, रोलरचा शाफ्ट वाकवतो आणि शेवटी जोडावर फाटतो. पट्टा सरकायचं मूळ कारण मात्र तसंच राहतं.

आधी बघायचं की पट्टा सरकतो कुठं. पट्ट्याचा तोच ठरावीक तुकडा फिरत फिरत प्रत्येक ठिकाणी बाहेर येत असेल, तर दोष पट्ट्यात आहे: जोड तिरका बसलाय किंवा पट्टा वाकडा झालाय. तिथं बोल्ट फिरवून काही होत नाही, जोड काटकोनात कापून परत करावा लागतो. उलट अख्खा पट्टा फ्रेमच्या एकाच जागी बाहेर जात असेल, तर दोष त्या जागेच्या आसपासच्या रोलरमध्ये किंवा फ्रेममध्ये आहे. एवढं ओळखायला खडूची एक खूण आणि पाच मिनिटं पुरतात.

मग लाइन बंद करून, कुलूप लावून टेल रोलर (मोटरच्या विरुद्ध टोकाचा) आणि खालचे रिटर्न रोलर (ज्यांच्यावरून पट्टा परत येतो) बघायचे. गोदामात पुठ्ठ्याची धूळ आणि टेपचा गोंद रोलरवर बसतो. एका टोकाला दोन मिलिमीटरचा थर जमला तरी रोलर तिथं जाड होतो आणि पट्टा सरळ चालत नाही. सँड प्लांटवर हेच काम रेती करते, म्हणून तिथंही आधी खरवडणंच बरोबर. थर काढायला प्लॅस्टिकची पट्टी घे. पटाशीनं रोलरवरचं रबर कापलं जातं. त्यानंतर स्पिरिट लेव्हलनं फ्रेम बघायची आणि दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे. ते सारखे नसतील तर फ्रेम तिरकी आहे. बरेचदा फोर्कलिफ्टचा धक्का लागून एक पाय सरकलेला असतो.

एवढं झाल्यावरच पाना हातात घ्यायचा. पट्टा ज्या बाजूला सरकतो, टेल रोलरची तीच बाजू थोडी ताणायची, म्हणजे पट्टा दुसरीकडं वळतो. मधल्या रोलरच्या बाबतीत नियम असा की, रोलरच्या ज्या टोकाला पट्टा आधी टेकतो तिकडं तो जातो. एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही. मग पट्ट्याला पाच-सहा पूर्ण फेऱ्या मारू द्यायच्या आणि बघत उभं राहायचं. घाईत दुसऱ्यांदा फिरवलं की पहिल्याचा परिणाम कळत नाही, आणि तासाभरानं पट्टा विरुद्ध बाजूच्या फ्रेमला घासायला लागतो. शेवटी माल चढवून परत बघायचं, कारण मोकळा सरळ चालणारा पट्टा मालाखाली सरकू शकतो.

ताण किती हवा, हे अंगठ्यानं दाबून ठरवू नये. सैल पट्ट्यावर 1000 मिलिमीटर अंतरानं दोन खुणा करायच्या आणि ताणल्यावर अंतर परत मोजायचं. गोदामातल्या हलक्या पट्ट्यांना बहुतेक वेळा 1003 ते 1005 पुरतं. नेमका आकडा पट्ट्याच्या माहितीपत्रकात असतो. भरलेल्या मालाखाली ड्राइव्ह रोलर (मोटरनं फिरणारा) पट्ट्याखाली घसरत नाही ना, एवढ्यापुरताच ताण.

तू इलेक्ट्रिशियन आहेस, म्हणून सेन्सरचं थोडक्यात. ‘सेन्सर गेला’ म्हणून बदललेले निम्मे सेन्सर चांगलेच असतात, हे माझं ठाम मत. आधी काच आणि समोरचा रिफ्लेक्टर पूस, मग कोन बघ. तपकिरी आणि निळ्या वायरीत 24 व्होल्ट येतात का, काळीवर सिग्नल बदलतो का, हे मीटरनं बघ. व्होल्टेज येऊन-जाऊन असेल तर बरेचदा कनेक्टरजवळ वाकलेली केबल आतून तुटलेली असते.

व्हीएफडीला मात्र हात घाई करून लावू नकोस. 415 व्होल्टच्या सप्लायवर आत साधारण 585 व्होल्ट डीसी साठलेलं असतं. बंद केल्यावर प्लेटवर लिहिलेली मिनिटं थांब आणि मीटरनं खात्री कर. तो मीटर आधी आणि नंतर चालू सप्लायवर तपासून घे. आयसोलेटरला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, मग स्टार्ट दाबून लाइन सुरू होत नाही ना ते बघायचं. डॉक लेव्हलरच्या खाली आधाराचा दांडा लावल्याशिवाय डोकंसुद्धा घालायचं नाही. सुपरवायझर गाडी उभी आहे म्हणून ओरडला तरी नाही.

आता तुझा प्रश्न. माझं म्हणणं, जा. पण रजिस्टर केलेला अप्रेंटिसशिपचा करार हातात पडल्याशिवाय गाडीत बसू नकोस. 1961 च्या कायद्याप्रमाणे अप्रेंटिस हा शिकाऊ असतो, कामगार नव्हे. सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. भिवंडीत खोलीभाडं आणि मेसमध्ये स्टायपेंडचा मोठा भाग जाईल, शिरोलीला घरचा डबा आहे, हे घरच्यांचं म्हणणं खरं आहे. तुला भट्टी आणि पॅनेलचं काम शिकायचं असेल तर फौंड्रीही वाईट नाही.

मुलाखतीत एकच विचार: अप्रेंटिसला पट्टा ट्रॅक करू देता, म्हणजे सरकलेला पट्टा सरळ करू देता, की वर्षभर फक्त चेकलिस्ट भरायची? उत्तर चेकलिस्टचं आलं, तर शिरोलीला लाग.