दुकानदार म्हणतो, नवाच घ्या

प्रश्न : ताई, मी नागपूरला मनीषनगरात राहतो, लिपिक म्हणून निवृत्त झालो. घरी २०१५ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. विंडोज १० चे अपडेट बंद झाल्याची सूचना येत राहते. बर्डीवरचा दुकानदार म्हणतो, ‘याच्यावर अकरा चढत नाही काका, नवाच घेऊन टाका.’ पुतण्या म्हणतो, विंडोजच्या जागी लिनक्स टाका, फुकट आहे. माझं काम म्हणजे सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त टाइप करणं, बँकेचं खातं पाहणं, यूट्यूबवर कीर्तन ऐकणं आणि पुण्याच्या मुलीशी व्हिडिओवर बोलणं. पाहायला गेलो तर लिनक्सचे ढीगभर प्रकार निघाले. टाकायला सोपं कोणतं? आपल्या सरकारचं बॉस लिनक्स घेऊ का? आणि जुन्या मराठी फाइलींचं काय होईल?

उत्तर : काका, दुकानदार खोटं बोलला नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून वाढीव मुदत मिळते, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे तुमचं यंत्र त्या हिशेबात बसत नाही. पण तुम्ही त्यावर करता काय, हे त्यानं विचारलेलं दिसत नाही. तुमची यादी वाचून मी तरी नवा कॉम्प्युटर घ्या म्हणणार नाही.

लिनक्स मिंट टाका, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. प्रकार ढीगभर असले तरी घरच्या माणसानं त्यात डोकं घालायचं कारण नाही. मिंट हे उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बांधलेलं आहे, त्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, मधे उघड्या खिडक्या. विंडोजवर हात बसलेल्या माणसाला शोधाशोध करावी लागत नाही. उबुंटू वाईट नाही, पण त्याची मांडणी वेगळी आहे आणि ४ जीबीत ते रेंगाळतं. रॅम ८ जीबी केलीत तर मिंटचीच सिनॅमन आवृत्ती घ्या, दिसायला जास्त देखणी आहे.

बॉस हे सी-डॅक या सरकारी संस्थेनं डेबियन नावाच्या लिनक्सवर तयार केलेलं आहे. आपलं म्हणून अभिमान असू द्या, पण घरी रात्री नऊ वाजता आवाज बंद पडला तर उत्तर शोधायला मिंट-उबुंटूवाल्यांचा गोतावळा खूप मोठा आहे. पुतण्यालाही तेच माहीत असणार.

आता पैसे कुठे घालायचे ते सांगते. साध्या हार्ड डिस्कच्या सोबतीला सॅटा एसएसडी, म्हणजे कितीतरी वेगवान डिस्क, बसवा, २५६ जीबीची पुरते. जमलं तर डीडीआर-३ ची ४ जीबी रॅम आणखी. नव्या कॉम्प्युटरच्या मानानं हा किरकोळ खर्च आहे आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो. एसएसडी न घालता नुसतं लिनक्स टाकून ‘तरी हळूच चालून राहिलं’ म्हणणारे मला खूप भेटतात. खोकं उघडलंच आहे तर प्रोसेसरवरच्या पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्टही, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप, नवी लावून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, पेस्ट वाळून गेलेली असते, प्रोसेसर तापला की स्वतःच गती कमी करतो आणि शिव्या बसतात विंडोजला. आणि हो, सीपीयूचा डबा खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. नागपुरात निम्म्या घरांत तो तिथेच असतो, ‘त्यालेही थंडं लागलं पाहिजे’ म्हणून! ओली हवा आणि धूळ मिळून आत लगदा होतो.

टाकायची पद्धत अशी. मिंटच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (सगळं मिंट असलेली एकच फाइल) उतरवा, तीन जीबीच्या आसपास असते. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. फाइल त्यावर नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं ती ‘लिहावी’ लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. मग कॉम्प्युटर सुरू करताना एफ-१२, एफ-११ किंवा एफ-८ यातलं मदरबोर्डप्रमाणे जे असेल ते बटण दाबून पेनड्राइव्ह निवडा. मिंट थेट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, डिस्कला हातही लागत नाही. दोन दिवस असंच वापरा. आवाज, इंटरनेट, कॅमेरा, प्रिंटर तपासा. मुलीला ब्राउझरमधूनच व्हिडिओ कॉल लावून पाहा. प्रिंटरचं आधीच पाहणं बरं, कारण एचपीचे बहुतेक प्रिंटर लावताक्षणी ओळखले जातात, पण काही कंपन्यांचे जुने लेसर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात.

सगळं जमलं की प्रत्यक्ष टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. फक्त नवी एसएसडी जोडलेली असली की ‘डिस्क पुसून टाका’ हा पर्याय बिनधास्त निवडता येतो, पुसायला दुसरं काही तिथे नसतंच. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा, म्हणजे व्हिडिओ अडत नाहीत. काम झाल्यावर जुनी डिस्क पुन्हा जोडा, तुमचा डी ड्राइव्ह मिंटमध्ये दिसेल. मात्र विंडोज शेवटचं बंद करताना शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. नाहीतर ते अर्धवट झोपतं आणि मिंट त्या डिस्कवरच्या फाइली फक्त वाचू देतं, बदलू देत नाही.

तुमच्या जुन्या मराठी फाइलींचा प्रश्न मात्र लिनक्सचा नाही, फाँटचा आहे. लिपिक होता म्हणजे टंकलेखनाच्या परीक्षेतला रेमिंग्टन कळफलक बोटांत असणार, आणि जुनी इतिवृत्तं युनिकोडपूर्वीच्या फाँटात (युनिकोड म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसते ती पद्धत). त्या फाँटात ‘सभा’ लिहिलेलं असतं तेव्हा फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरं नि चिन्हं असतात, वर मराठीचा मुखवटा. फाँट नसला की ‘lHkk’ सारखं काहीतरी दिसतं. उपाय असा : विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून तो फाँट उचलून मिंटमध्ये टाका, लिबरऑफिसमध्ये जुनी फाइल वाचता येईल, छापता येईल. पण तिच्यात नवी भर घालू नका. ज्या फाइली पुन्हा लागणार आहेत तेवढ्या कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये करून घ्या आणि स्वतः वाचून तपासा. रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात.

नवं लेखन युनिकोडमध्येच करा. आयबस या भाषा बदलण्याच्या सोयीत एम-१७-एन हे पॅकेज घातलं की मराठीचे रेमिंग्टन, इनस्क्रिप्ट, गमभन असे कळफलक मिळतात. आधी रेमिंग्टन लावून पाहा. इनस्क्रिप्टवर गेलात तर पहिले काही दिवस ‘िक’ होऊन चिडचिड होईल, कारण टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी मारायची सवय आणि इथे अक्षर आधी, वेलांटी नंतर. परवाना म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका, मिंट फुकट आहे. बसवून देणाऱ्याची मजुरी वेगळी, ती द्या.

प्रश्न : इतवारीत किराण्याचं ठोक दुकान आहे. हिशेब टॅलीवर. मीही लिनक्स टाकू का?

उत्तर : नको. टॅली विंडोजसाठीच बनतं. वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारी सोय, अशी खटपट करून चालवणारे आहेत, पण मार्चअखेरीस ते अडलं तर तुम्हाला परवडणार नाही. दुकानाचं यंत्र विंडोजवरच ठेवा, घरच्यावर हवं ते करा.

प्रश्न : हिंगणा रोडच्या कॉलेजात शिकते. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ सोबत मिंटही हवं आहे. पेनड्राइव्हवरून चालवलं तर वायफायच दिसत नाही.

उत्तर : फोन यूएसबी केबलनं जोड, टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू कर, इंटरनेट लगेच येईल. मग मेनूतलं ड्रायव्हर मॅनेजर उघड, बरेचदा वायफायचा ड्रायव्हर तिथेच सापडतो. नाही सापडला तर लॅपटॉप इतका नवा आहे की मिंटची याहून ताजी आवृत्ती लागेल. आणि मिंटसाठी डिस्कचे भाग पाडण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का पाहा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेव, लॅपटॉपमध्येच सेव्ह करू नको.