घरातले जुने कागद पिवळे पडून तुटतायत, कोकणातल्या दमट हवेत कुठलं केमिकल लावावं?

आधी कागद कुठला ते बघा. घडीवर तपकिरी होऊन पापडासारखा तुटत असेल तर तो लाकडाच्या लगद्याचा, तुरटी-राळ घातलेला मिलचा कागद, त्यात आम्ल तयार होतं आणि तेच आतून तंतू तोडत राहतं. त्यावर डीअ‍ॅसिडिफिकेशन करतात, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडच्या बारीक कणांचा स्प्रे मारायचा नाहीतर कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात बुडवायचा, आम्ल मरतं आणि थोडा अल्कलीचा साठा पुढच्यासाठी कागदात राहतो. पण तुटका कागद यानं परत मजबूत होत नाही, पांढराही होत नाही. बुडवायचं काम घरी कृपा करून करू नका, खरेदीखतावरची सही किंवा शिक्का पसरला की संपलं, ते कॉन्झर्व्हेटरकडूनच, म्हणजे जुने कागद जपण्या-दुरुस्तीच्या जाणकाराकडूनच करून घ्या.

आजोबा-पणजोबांचे मोडी कागद असतील तर ते बरेचदा हातकागदावर असतात, त्यांना आम्लाचा त्रास कमी, आपल्याकडे त्यांना खातात ती कसर, वाळवी आणि पावसाळ्यातली बुरशी. त्यांना केमिकल नकोच, अ‍ॅसिड-फ्री कागदात गुंडाळा, भिंतीपासून लांब ठेवा, पाऊस संपला की सावलीत वारा द्या. आणि लॅमिनेशन अजिबात नको, ते नंतर सोडवताना कागदच जातो.