दुष्काळसदृश म्हणजे दुष्काळ नव्हे

प्रश्न : २०२३ साली आमचे गाव ज्या महसूल मंडळात येते ते मंडळ शासनाने दुष्काळसदृश म्हणून जाहीर केले. सोयाबीन शेंगा भरण्याच्या वेळी करपले आणि तूरही हाती लागली नाही. शेजारच्या तालुक्यातील आमच्या पाहुण्यांच्या खात्यावर अनुदान जमा झाले, आम्हाला मात्र काहीच मिळाले नाही. चौकशी केली तेव्हा 'तुमच्याकडे सवलती लागू आहेत' एवढेच उत्तर मिळाले. पाऊस दोन्हीकडे सारखाच कमी असताना हा फरक कशामुळे?
(एक शेतकरी वाचक, मराठवाडा)

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर कागदोपत्री बरोबर आहे, पण ते अपुरे आहे. सारा फरक 'सदृश' या एका शब्दात साठलेला आहे. राज्य शासनाने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यापैकी २४ तालुक्यांत तो गंभीर स्वरूपाचा आणि १६ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा मानला गेला. यादी बाहेर पडताच वगळलेल्या भागांतून ओरड सुरू झाली आणि १० नोव्हेंबरला आणखी १,०२१ महसूल मंडळांत, म्हणजे तालुक्याहून लहान अशा गावांच्या गटांत, 'दुष्काळसदृश परिस्थिती' घोषित करण्यात आली. या दोन घोषणांमागची कसोटी वेगळी होती आणि त्यातून मिळणारे लाभही वेगळे होते.

तालुक्यांची निवड केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार झाली. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाच्या प्रश्नावर निकाल देताना जुन्या संहितेत सुधारणा करण्याचे निर्देश दिले होते, आणि नवी संहिता महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वीकारली. तिची पहिली कळ, म्हणजे पुढची तपासणी सुरू करणारी अट, पावसाची आहे : जून-जुलैचा पाऊस सरासरीच्या निम्म्याहून कमी, किंवा जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, किंवा मध्येच तीन ते चार आठवड्यांचा खंड. ही कळ लागू झाली की उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा, पेरणीचे क्षेत्र आणि धरणे व भूजल यांतील पाणीसाठा तपासला जातो. त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष शिवारात जाऊन पिकांची पाहणी होते आणि मगच तालुका गंभीर की मध्यम हे ठरते. मंडळांसाठी मात्र इतके टप्पे नव्हते. जून ते सप्टेंबर या काळातील पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहूनही कमी, या दोन आकड्यांवर काम भागवण्यात आले.

याचा परिणाम असा की मंडळांना केवळ सवलती मिळाल्या : जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन (परतफेडीची मुदत वाढवून देणे), शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरजेप्रमाणे टँकर आणि शेतीपंपाची वीज न तोडण्याची हमी. ज्याला आपण अनुदान म्हणता ते निविष्ठा अनुदान, म्हणजे बी-बियाणे व खतासाठीची रोख मदत, या यादीत नाही. ते त्या ४० तालुक्यांपुरते राहिले. सवलतींची ही यादी नीट वाचली तर लक्षात येते की तिच्यातील बहुतेक बाबी 'देण्या'च्या नसून 'तूर्त न घेण्या'च्या आहेत. ज्याच्याकडे कृषिपंप नाही, बँकेचे कर्ज नाही आणि मुले शाळा सोडून बसली आहेत, त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात यातून काय पडले, हा प्रश्न आपण विचारलेला नसला तरी तो विचारण्यासारखा आहे.

'पाऊस सारखाच कमी' या आपल्या शब्दांबद्दल थोडे सांगितले पाहिजे. संहिता पाऊस किती पडला हे एकटे पाहत नाही, तो त्या भागाच्या स्वतःच्या सरासरीच्या तुलनेत किती पडला हे पाहते. म्हणूनच सातारा जिल्ह्यातून वाई आणि खंडाळा यादीत आले आणि पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी म्हणून ओळखले जाणारे माण व खटाव बाहेर राहिले. सांगलीत शिराळा आत आणि जत बाहेर, हा प्रकारही तोच. ज्या तालुक्याची सरासरीच मुळात तुटपुंजी, तिथे नेहमीइतका अपुरा पाऊस पडला तर संहितेच्या लेखी काहीच घडलेले नसते. अचानक आलेली तूट मोजण्यासाठी हे माप योग्य आहे, असे माझे मत आहे. पण कायमच्या तुटीसाठी ते कुचकामी आहे आणि त्या तालुक्यांना या यंत्रणेतून न्याय मिळेल अशी आशा लावणे व्यर्थ आहे. त्यांचा प्रश्न पाणी पोहोचवण्याचा आहे, घोषणेचा नाही.

पूर्वीची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदाचे पीक रुपयात किती पैसे आले याचा अंदाज, आपल्याकडे आजही जिला आणेवारी म्हणतात ती पद्धत, गावनिहाय होती आणि पन्नास पैशांच्या खाली आलेले गाव मदतीला पात्र ठरत असे. तिच्यात नजरअंदाजाला आणि दबावाला भरपूर वाव होता, हे खरेच आहे. पण तिचे एकक गाव होते. नव्या पद्धतीत एकक तालुका झाले आणि तालुक्याच्या सरासरीत एका कोपऱ्यातील करपलेले शिवार दिसेनासे झाले. मंडळांची दुसरी घोषणा ही त्या त्रुटीवरची डागडुजी होती. पैसा मात्र डागडुजीपर्यंत पोहोचला नाही.

प्रश्न : दुष्काळी अनुदान म्हणून मिळणारी रक्कम पेरणीचा खर्चही भरून काढत नाही. ही भरपाई कोणत्या हिशेबाने ठरते? आणि पीकविमा घेतलेला असेल तर ती कापून घेतात का?

उत्तर : ती भरपाई नाही, हेच पहिले उत्तर. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत तिचे नाव निविष्ठा अनुदान असे आहे, म्हणजे पुढच्या हंगामाचे बी-बियाणे आणि खत घेता यावे म्हणून दिलेला हातभार. बुडालेल्या पिकाच्या किमतीशी तिचा संबंध जोडलेलाच नाही. २०२२ ते २०२६ या कालावधीसाठी केंद्राने ठरवलेले दर हेक्टरी असे होते : कोरडवाहू पिकांना ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००. पीकनुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असण्याची अट होती आणि मर्यादा दोन हेक्टरांची होती. कोरडवाहूचा एकरी हिशेब केला तर साधारण ३,४०० रुपये होतात. राज्याने जानेवारी २०२४ मध्ये हे दर वाढवून अनुक्रमे १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले होते आणि मर्यादाही तीन हेक्टरांपर्यंत नेली होती. मे २०२५ मध्ये पुन्हा केंद्राच्या दरांवर येण्याचा निर्णय झाला. आपत्ती निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो, त्यामुळे निकषांपलीकडची प्रत्येक वाढ राज्याला स्वतःच्या तिजोरीतून द्यावी लागते. निवडणुकीच्या आधी हे सुचते आणि नंतर परवडेनासे होते, एवढे निरीक्षण नोंदवून पुढे जातो.

विम्याचा मार्ग पूर्णपणे वेगळा आहे. दुष्काळाच्या घोषणेमुळे विमा आपोआप मिळत नाही आणि विमा घेतला म्हणून निविष्ठा अनुदान कापले जात नाही. विम्यात उंबरठा उत्पादन (मागील वर्षांच्या सरासरीवरून ठरवलेली किमान पातळी) आणि पीक कापणी प्रयोगांतून आलेले प्रत्यक्ष उत्पादन यांतील तफावत पाहिली जाते. २०२३ च्या ऑगस्टमधील खंडानंतर अनेक ठिकाणी २५ टक्के अग्रिम रक्कम मागता आली, कारण तेव्हा हंगामातील प्रतिकूल परिस्थितीचे संरक्षण राज्यात लागू होते. खरीप २०२५ पासून शेतकऱ्याने केवळ एक रुपया भरून घ्यायचा विमा बंद झाला, खरिपातील अन्नधान्य व तेलबियांसाठी दोन टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यावर आला आणि हे संरक्षणही वगळून केवळ पीक कापणी प्रयोगांवर आधारित भरपाई उरली. पावसाच्या खंडाने होरपळणाऱ्या कोरडवाहू भागाचे यात सर्वांत मोठे नुकसान झाले आहे, कारण त्यांना पैशाची गरज असते ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, उत्पादनाचे आकडे जुळल्यावर नव्हे.

प्रश्न : अनुदान जमा झाले, पण बँकेने खात्याला होल्ड लावून ते थकीत कर्जात वळते केले. शिवाय आता कर्जाचे पुनर्गठन करून घ्या, असे सांगतात. करावे का?

उत्तर : मदत वाटपाच्या शासन निर्णयांत या रकमेतून बँकांनी कोणतीही वसुली करू नये, असे स्पष्ट नमूद असते. आपण त्या निर्णयाची प्रत जोडून शाखा व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि दाद न मिळाल्यास तहसीलदार व जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे तीच प्रत द्यावी. तोंडी विनंतीचा उपयोग होत नाही.

पुनर्गठनाबाबत घाई करू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांनुसार पीकनुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर परतफेडीला दोन वर्षांपर्यंत आणि त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत मिळत असे. त्यात पहिले वर्ष हप्त्याविना जात असे आणि नव्या हंगामासाठी ताजे पीककर्जही मागता येत असे. मात्र आपत्ती येण्याच्या वेळी जे कर्ज आधीच थकीत होते ते यात बसत नसे. व्याज थांबत नाही. पुनर्गठित रकमेवर व्याज सवलत साधारणतः पहिल्या वर्षापुरती असते, दुसऱ्या वर्षापासून बँकेचा नेहमीचा दर लागतो आणि वेळेवर फेडणाऱ्याला मिळणारा व्याजातील तीन टक्क्यांचा लाभही सहसा हातचा जातो. रब्बीतून किंवा अन्य उत्पन्नातून मुदतीत फेड शक्य असेल तर पुनर्गठन टाळावे; तसे शक्य नसेल तर सावकाराकडे जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे. आपले कर्ज आधीपासून थकीत असेल, आणि 'थकीत कर्जात वळते केले' या शब्दांवरून तसे वाटते, तर बँक आपल्याला नेमके कशाचे पुनर्गठन देऊ करत आहे हे आधी लेखी मागून घ्यावे आणि तोवर कोणत्याही कागदावर सही करू नये.